विश्वाचा विस्तार आणि त्याची अखेर



गेल्या वर्षीं पावसाळ्यांतील एका तासाला मी नववीच्या वर्गांत सूर्याविषयीं शिकवीत होतों. सूर्याच्या पोटांतील हायड्रोजन केव्हां तरी संपेल, आणखी सुमारें ५०० कोटी वर्षांनीं तो फुगून प्रचंड तांबडा तारा होईल व मग हळूहळू विझत जाईल, असें मीं सांगितलें. तेव्हां मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, सूर्य विझणार, तारेहि विझणार, सगळेंच संपणार, मग हें शिकायचें तरी कशाला?" वर्ग हंसला. मीहि हंसलों, आणि "त्याला पुष्कळ अवकाश आहे, तुझी सहामाही परीक्षा मात्र पुढल्याच महिन्यांत आहे," असें म्हणून पुढच्या धड्याकडे वळलों.

पुढें पालकांच्या सभेला त्या मुलाची आई मला भेटली. ती म्हणाली, "सर, मुलगा रात्रीं अंगणांत बसून हेंच विचारीत असतो. आम्हांला कांहीं सांगतां येत नाहीं. तुम्हीच त्याला समजावून सांगा." तेव्हां मला माझ्या हंसण्याची लाज वाटली. विद्यार्थ्याचा प्रश्न शिक्षकानें हंसण्यावारी नेणें म्हणजे घेतलेलें ऋण बुडविणेंच होय. तें ऋण या लेखानें फेडण्याचा माझा विचार आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. विश्वाची अखेर कशी होणार, हा पहिला; आणि अखेर होणारच असेल तर शिकावें कशाला, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर आपण ज्योतिःशास्त्राकडे मागूं. दुसऱ्याचें उत्तर पहिल्याच्याच पोटांत आहे, असें शेवटीं आपणांस दिसून येईल.

आकाशाचें माप

दिवाळीच्या सुमारास रात्रीं नऊ वाजतां गांवाबाहेर, दिव्यांचा उजेड पोंचत नाहीं अशा जागीं जाऊन उभे राहा. जवळजवळ डोक्यावर, किंचित् उत्तरेकडे, देवयानी नांवाचा तारकासमूह आहे. नीट निरखून पाहिल्यास त्यांत पिंजलेल्या कापसासारखा एक लहानसा धुरकट पुंजका दृष्टीस पडतो. नुसत्या डोळ्यांना सहज दिसणाऱ्या वस्तूंमध्यें हीच सर्वांत दूरची होय. तेथून निघालेल्या प्रकाशास आपल्यापर्यंत येण्याला सुमारें २५ लाख वर्षें लागतात. आणि प्रकाश तर एका सेकंदांत सुमारें ३ लाख किलोमीटर चालतो! आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तो किरण निघाला, तेव्हां आजच्यासारखी मनुष्यजात पृथ्वीवर नव्हती. म्हणून आकाशाकडे पाहणें म्हणजे गतकाळाकडे पाहणें होय. हें ध्यानांत ठेवा. पुढें याचा उपयोग होणार आहे.

शंभर वर्षांपूर्वीं हा पुंजका म्हणजे काय, याविषयीं विद्वानांत एकमत नव्हतें. कित्येक म्हणत, तो आपल्याच आकाशगंगेंतील वायूचा ढग आहे. दुसरे म्हणत, ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक स्वतंत्र ताऱ्यांची वसाहत, म्हणजे दीर्घिका आहे. हा वाद मिटविण्यास अंतर मोजणें अवश्य होतें. पण आकाशांत मोजणीची साखळी घेऊन कोण जाणार?

ही साखळी एका स्त्रीनें मिळवून दिली. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत हेन्रिएटा लेव्हिट (१८६८–१९२१) या बाई फोटोच्या कांचांवरून ताऱ्यांचें तेज मोजण्याचें काम करीत असत. त्यांस ऐकूं फार कमी येई. कांहीं तारे ठराविक मुदतीनें तेजस्वी व मंद होत असतात. त्यांस सेफीड जातीचे रूपविकारी तारे म्हणतात. अशा २५ ताऱ्यांचें कोष्टक १९१२ सालीं प्रसिद्ध झालें, व त्यांत लेव्हिट बाईंनीं दाखवून दिलें कीं, ज्याची मुदत लांब, तो तारा मूळचाच अधिक तेजस्वी. मूळचें तेज कळलें म्हणजे अंतर काढणें अवघड नाहीं. रस्त्यावरचे सर्व दिवे सारख्याच शक्तीचे आहेत हें ठाऊक असेल, तर मिणमिणतो तो दूरचा व लखलखतो तो जवळचा, हें लहान मुलालाहि समजतें.

१९२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीच्या साहाय्यानें एडविन हबल यांनीं देवयानीच्या पुंजक्यांत असा एक रूपविकारी तारा शोधून काढला. त्याच्या मुदतीवरून हिशेब करतां तो आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळच बाहेर आहे असें ठरलें. आपली आकाशगंगा म्हणजेच सारें विश्व, ही समजूत तेव्हांपासून मावळली.

दूर जाणाऱ्या दीर्घिका

आतां वेगाची गोष्ट. भोंगा वाजवीत एखादी आगगाडी फलाटावरून वेगानें निघून जाते, तेव्हां ती जवळ येत असतां भोंग्याचा सूर चढा लागतो, आणि ती दूर जाऊं लागतांच तोच सूर उतरतो. प्रकाशाचेंहि असेंच आहे. दूर जाणाऱ्या वस्तूचा प्रकाश वर्णपटांतील तांबड्या टोकाकडे सरकतो, जवळ येणारीचा जांभळ्या टोकाकडे.

अॅरिझोनांतील लॉवेल वेधशाळेंत व्हेस्टो स्लायफर यांनीं १९१२ सालीं या रीतीनें देवयानीच्या पुंजक्याचा वेग मोजला. प्रकाश इतका क्षीण असे कीं, एकेका वर्णपटासाठीं कित्येक तास, क्वचित् कित्येक रात्री, तीच कांच दुर्बिणीला लावून ठेवावी लागे. १९१७ पर्यंत त्यांच्या हातीं २५ पुंजक्यांचे वेग आले. देवयानीसारखे थोडे आपल्याकडे येत होते. बाकीचे बहुतेक सर्व दूर चालले होते.

हबल यांनीं अंतरें व वेग यांची सांगड घातली. या कामीं त्यांस लाभलेले सहकारी मिल्टन ह्यूमसन यांची हकीकत आपण ऐकण्यासारखी आहे. त्यांनीं चौदाव्या वर्षीं शाळा सोडली होती. माउंट विल्सनच्या डोंगरावर सामान वाहून नेणाऱ्या खेचरांचा तांडा ते हांकीत असत. मग ते वेधशाळेंत झाडलोट करणारे नोकर म्हणून राहिले. पुढें रात्रीं दुर्बिणीजवळ मदतीला उभे राहूं लागले. आणि अखेर क्षीण दीर्घिकांचे वर्णपट घेण्यांत त्यांच्या तोडीचा माणूस मिळणें कठीण झालें. शाळा सोडण्यास सबब म्हणून हें उदाहरण कोणीं पुढें करूं नये. शाळा सुटली तरी ज्याचें शिकणें सुटलें नाहीं, अशा माणसाचें तें उदाहरण आहे.

१९२९ सालीं हबल यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक. अंतर दुप्पट तर वेगहि दुप्पट. आजच्या मोजमापाप्रमाणें अंतर सुमारें ३३ लाख प्रकाशवर्षांनीं वाढलें कीं वेग सेकंदास सुमारें ७० किलोमीटरांनीं वाढतो.

पट्टीचा प्रयोग

हें ऐकून कोणालाहि वाटेल कीं, आपण विश्वाच्या मध्यावर आहोंत आणि सर्व दीर्घिका आपल्यापासून पळून जात आहेत. तसें नाहीं. घरीं करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतों. सायकलच्या निकामी ट्यूबमधून एक लांब पट्टी कापून घ्या. तिच्यावर दर एका सेंटिमीटरावर एक अशा पांच लहान टिकल्या चिकटवा व त्यांस क, ख, ग, घ, च अशीं नांवें द्या. आतां पट्टी दुप्पट लांब होईपर्यंत ताणा. क पासून ख एक सेंटिमीटरावर होता, तो दोनांवर गेला; ग दोनांवर होता, तो चारांवर गेला; घ तीनांवर होता, तो सहांवर गेला. तेवढ्याच वेळांत ख एक सेंटिमीटर सरकला, ग दोन आणि घ तीन. जो दूर, तो अधिक वेगानें दूर गेला. हाच हबल यांचा नियम. आतां ग या टिकलीवर एक मुंगी बसली आहे अशी कल्पना करा. तिलाहि दोन्ही बाजूंच्या टिकल्या आपल्यापासूनच दूर जातांना दिसतील. मध्यबिंदु कोठेंच नाहीं, अथवा प्रत्येक जण आपल्यापुरता मध्यबिंदु आहे.

या प्रयोगांतून आणखी दोन गोष्टी शिकावयाच्या. टिकल्या पट्टीवरून चालत गेल्या नाहींत. पट्टीच ताणली गेली. त्याचप्रमाणें दीर्घिका रिकाम्या जागेंतून धांवत नाहींत, तर त्यांमधील अवकाशच विस्तार पावत आहे, आणि त्यांतून येणारा प्रकाशहि ताणला जाऊन तांबडा होतो. दुसरें असें कीं, टिकली स्वतः ताणली गेली नाहीं. आपलें घर, पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा हीं सर्व आपापल्या बंधनांनीं बांधलेलीं आहेत. तीं फुगत नाहींत. देवयानी दीर्घिका तर गुरुत्वाकर्षणानें आपल्या आकाशगंगेकडे सेकंदास सुमारें ११० किलोमीटर वेगानें येत आहे.

गणित आधीं, वेध मागून

आश्चर्याची गोष्ट ही कीं, विश्व प्रसरण पावत असावें हें गणितानें हबल यांच्या वेधांपूर्वींच सुचविलें होतें. आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं आपली गुरुत्वाकर्षणाचीं समीकरणें सबंध विश्वास लावून पाहिलीं. विश्व स्थिर आहे असा त्या काळचा सार्वत्रिक समज. पण समीकरणें तर विश्व स्थिर राहूं देईनात! तेव्हां त्यांनीं समीकरणांत एक जादा पद घातलें, आणि तोल सांभाळला. १९२२ सालीं रशियांतील अलेक्झांडर फ्रीडमन यांनीं दाखविलें कीं, विश्व स्थिर मानण्याचें कारण नाहीं. तें प्रसरण पावणारें किंवा आकुंचन पावणारें असूं शकतें. १९२५ सालीं, ऐन तारुण्यांत, त्यांस मृत्यु आला.

१९२७ सालीं बेल्जममधील जॉर्ज लेमेत्र यांनीं स्वतंत्रपणें तोच विचार मांडला, व दीर्घिकांच्या वेगांशीं त्याचा मेळ घातला. लेमेत्र हे कॅथॉलिक धर्मगुरु असून लूवेन येथील विद्यापीठांत प्राध्यापक होते. १९३१ सालीं ते आणखी पुढें गेले. विश्व आज पसरत आहे, तर मागें मागें जातां तें अधिकाधिक दाट असलें पाहिजे. तेव्हां सर्व विश्वाचा आरंभ एका अतिशय दाट 'आद्य अणू'पासून झाला असावा, असें त्यांनीं सुचविलें. त्याच वर्षीं आइन्स्टाइन यांनीं आपलें जादा पद मागें घेतलें. एवढ्या मोठ्या पुरुषास आपली समजूत सोडण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं एका भाषणांत हा सिद्धांत म्हणजे सृष्टीच्या निर्मितीस जणूं शास्त्राचा पुरावाच, अशा आशयाचे उद्गार काढले. लेमेत्र यांस तें रुचलें नाहीं. आपला सिद्धांत वेधांनीं खरा किंवा खोटा ठरावा, श्रद्धेचा भार त्यावर टाकूं नये व त्याचा भार श्रद्धेवरहि टाकूं नये, अशी त्यांची भूमिका होती. माझ्यासारख्या ख्रिस्ती शिक्षकास त्यांचा हा विवेक अनुकरणीय वाटतो. १९६६ सालीं ते मृत्युशय्येवर असतांना त्यांच्या कल्पनेस बळकटी देणाऱ्या एका शोधाची वार्ता त्यांस कळविण्यांत आली. तो शोध कोणता, तें आतां सांगतों.

चुका आणि दुरुस्त्या

विद्यार्थ्यांनीं असें समजूं नये कीं, शास्त्राचा रथ सरळ रस्त्यानें गेला. हबल यांनीं अंतरें फारच कमी धरलीं होतीं, त्यामुळें त्यांच्या हिशेबानें विश्वाचें वय केवळ सुमारें २०० कोटी वर्षें येई. उलट पृथ्वीवरील खडक त्याहून जुने ठरत होते. लेक आईपेक्षां वयानें मोठी असावी, तसा हा प्रकार! १९५२ सालीं वाल्टर बाडे यांनीं दाखविलें कीं, सेफीड तारे दोन प्रकारचे असून त्यांची गल्लत झाली होती. दीर्घिकांचीं अंतरें एकदम दुप्पट झालीं. पुढें आणखी दुरुस्त्या होत गेल्या, आणि आज विश्वाचें वय सुमारें १३८० कोटी वर्षें व पृथ्वीचें सुमारें ४५० कोटी वर्षें मानतात. आई पुन्हां लेकीपेक्षां मोठी झाली.

विश्वाला आरंभ होता हेंच सर्वांस मान्य होतें असेंहि नाहीं. १९४८ सालीं इंग्लंडांत फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी व टॉमस गोल्ड यांनीं स्थिर-स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व पसरतें हें खरें. पण मधल्या जागेंत नवें द्रव्य सतत निर्माण होत असल्यानें त्याचें स्वरूप सदासर्वदा तेंच राहतें. त्याला ना आरंभ, ना अखेर, असें त्यांचें म्हणणें. उलट पक्षाच्या कल्पनेस 'महास्फोट' हें नांव १९४९ सालीं हॉइल यांनींच रेडिओवरील भाषणांत दिलें. केंब्रिज येथें हॉइल यांच्या हाताखालीं शिकून पुढें त्यांचे सहकारी झालेले डॉ. जयंत विष्णु नारळीकर हे आपल्या कोल्हापुरांत १९३८ सालीं जन्मले. १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्यांतील आयुका या संस्थेचे ते पहिले संचालक. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. पण त्यांच्या मराठी विज्ञानकथा वाचून आकाशाकडे वळलेलीं मुलें आजहि घरोघर आहेत. बहुसंख्यांचें मत निराळें असतांना त्यांनीं आपल्या शंका शेवटपर्यंत निर्भयपणें मांडल्या. असा प्रतिपक्ष असला म्हणजेच सिद्धांताची कसोटी लागते.

ती कसोटी १९६४ सालीं लागली. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील होमडेल येथें आर्नो पेंझियस व रॉबर्ट विल्सन हे रेडिओ-लहरी टिपणाऱ्या एका प्रचंड शिंगाकृति यंत्रावर काम करीत होते. यंत्रांत एक बारीक खरखर सतत ऐकूं येई. यंत्र कोणत्याहि दिशेला वळवा, दिवस असो वा रात्र, खरखर तीच. यंत्रांत कबुतरांनीं घरटें केलें होतें. तीं हांकलून, त्यांची घाण साफ करून पाहिलें, तरी खरखर थांबेना. अखेर उलगडा झाला. विश्व अतिशय तप्त व दाट होतें, त्या काळच्या प्रकाशाचा तो अवशेष होता. विस्तारानें ताणला जाऊन तो आतां उणे २७० अंशांइतका थंड झालेला आहे. १९६५ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध झाली. लेमेत्र यांस मृत्यूपूर्वीं कळली ती वार्ता हीच. यानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूस वळले.

वर फेंकलेला चेंडू

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. पुढें काय होणार?

चेंडू वर फेंकला तर गुरुत्वाकर्षणानें त्याचा वेग कमी कमी होतो व तो खालीं येतो. पण तोच सेकंदास ११.२ किलोमीटरांहून अधिक वेगानें फेंकतां आला, आणि वाटेंत हवेचा अडथळा नसला, तर तो मंदावेल खरा, परंतु परत येणार नाहीं. विश्वाचेंहि असेंच असणार, असें मानीत. सर्व दीर्घिका एकमेकींस ओढीत आहेत. द्रव्य पुरेसें असेल, तर विस्तार थांबून विश्व पुन्हां आकसेल आणि महासंकोचांत त्याचा अंत होईल. द्रव्य कमी असेल, तर विस्तार मंदावत मंदावत सदैव चालूं राहील. विस्तार किती मंदावला, एवढेंच काय तें मोजावयाचें होतें.

त्यासाठीं अतिदूरचे, पण मूळचें तेज ठाऊक असलेले दिवे पाहिजे होते. निसर्गानें ते ठेवलेले आहेत. लाहोर येथें जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं १९३० सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर हिशेब करून काढलें होतें कीं, विझत आलेल्या श्वेतबटु ताऱ्याचें वजन एका मर्यादेपलीकडे जाऊं शकत नाहीं. ही मर्यादा सूर्याच्या सुमारें १.४ पट आहे. असा तारा शेजारच्या ताऱ्याचें द्रव्य ओढून घेत या मर्यादेजवळ आला, म्हणजे त्याचा प्रचंड स्फोट होतो. दोन श्वेतबटु एकमेकांवर आदळूनहि असे स्फोट होत असावेत. हे स्फोट जवळजवळ सारख्याच तेजाचे असतात, आणि कोट्यवधि प्रकाशवर्षांवरून दिसतात.

१९९८ सालीं शास्त्रज्ञांच्या दोन स्वतंत्र तुकड्यांनीं असे अनेक दूरचे स्फोट मोजले. एकीचे प्रमुख सॉल पर्लमटर, दुसरीचे ब्रायन श्मिट, व दुसरीच्या मुख्य निबंधाचे लेखक अॅडम रीस. दोघींचा निष्कर्ष एकच आला, आणि तो कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता. स्फोट अपेक्षेपेक्षां मंद, म्हणजे अधिक दूर होते. विस्तार मंदावत नसून गेलीं कित्येक कोटी वर्षें तो वाढत्या वेगानें चालला आहे! वर फेंकलेला चेंडू मंदावण्याऐवजीं अधिकाधिक वेगानें वर जाऊं लागावा, तसें हें झालें. या शोधास २०११ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा वेग वाढविणारी जी कांहीं शक्ति आहे, तिला कृष्ण ऊर्जा असें नांव दिलेलें आहे. नांव दिलें म्हणजे ज्ञान झालें असें नव्हे. विश्वांतील एकंदर द्रव्य व ऊर्जा यांत तिचा हिस्सा सुमारें ६८ टक्के, अदृश्य अशा कृष्ण पदार्थाचा सुमारें २७ टक्के, आणि तारे, ग्रह, डोंगर, नद्या, तुम्हीआम्ही ज्यांचे घडलों आहोंत त्या नेहमींच्या द्रव्याचा अवघा ५ टक्के. मौज अशी कीं, आइन्स्टाइन यांनीं मागें घेतलेलें तें जादा पद या कृष्ण ऊर्जेचें वर्णन करण्यास पुन्हां उपयोगी पडलें.

अखेरची रात्र

कृष्ण ऊर्जेचा जोर कायम राहिला, तर विश्वाचा पुढील क्रम साधारणतः असा सांगतात. सूर्य हळूहळू अधिक प्रखर होत जाऊन सुमारें १०० कोटी वर्षांनीं पृथ्वीवरील समुद्र आटूं लागतील. सुमारें ५०० कोटी वर्षांनीं सूर्य फुगेल व नंतर श्वेतबटु होऊन निवेल. देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर येऊन मिळेल असें पूर्वीं निश्चित मानीत. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणें पुढील १००० कोटी वर्षांत तसें घडण्याचा संभव निम्मानिम्म आहे. सुमारें १०,००० कोटी वर्षांनीं आपल्या शेजारच्या लहानशा समूहाबाहेरील सर्व दीर्घिका दृष्टीआड झालेल्या असतील. १ वर १४ शून्यें मांडल्यास जितकीं वर्षें होतात, तितक्या काळानें नवे तारे जन्मणें बंद होईल व शेवटचे तांबडे लहान तारेहि विझतील. मग उरतील निवालेले गोळे आणि कृष्णविवरें. आणि स्टीफन हॉकिंग यांनीं १९७४ सालीं मांडलेल्या विचाराप्रमाणें, अतिदीर्घ काळानें तींहि झिजून जातील. स्फोट नाहीं, आग नाहीं. नुसता गारठा व काळोख.

हें भविष्य अटळ म्हणून लिहून ठेवूं नका. अॅरिझोनांतील किट शिखरावर ५००० प्रकाशतंतूंनीं एकाच वेळीं हजारों दीर्घिकांचे वर्णपट घेणारें एक यंत्र आहे. त्याच्या २०२४ व २०२५ सालच्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा कालांतरानें मंदावत असावी, अशी चिन्हें दिसलीं. तीं पक्कीं ठरलेलीं नाहींत. तीं खरीं ठरलीं, तर अखेरचा अध्याय पुन्हां लिहावा लागेल. विस्ताराचा आजचा वेग मोजण्याच्या दोन रीतींचीं उत्तरेंहि जुळत नाहींत. एकीनें ६७ येतात, दुसरीनें ७३. हा तंटा सोडविणारा कदाचित् आज कोठें तरी नववींत बसलेला असेल.

मग शिकायचें कशाला?

आतां मी त्या मुलाकडे वळतों. बाळ, तुझ्या प्रश्नाला मीं तेव्हां दिलेलें उत्तर हें उत्तर नव्हतें. अखेर फार दूर आहे म्हणून काळजी करूं नकोस, असें सांगणें म्हणजे प्रश्न पुढें ढकलणें.

वर मीं सांगितलें कीं, १०,००० कोटी वर्षांनीं इतर दीर्घिका दृष्टीआड होतील. लॉरेन्स क्राउस व रॉबर्ट शेरर या दोन शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं याचा पुढचा विचार केला. तेव्हांहि कांहीं तारे जळत असतील. त्यांच्याभोवतीं एखादा ग्रह असेल, त्यावर आपल्यासारखे विचार करणारे प्राणी असतील अशी कल्पना करा. ते आकाश पाहतील, तेव्हां त्यांस आपल्या एका दीर्घिकेपलीकडे सर्वत्र काळोख दिसेल. दूर जाणारी एकहि दीर्घिका नसल्यामुळें विश्व पसरतें हें त्यांस कळणार नाहीं. होमडेलच्या यंत्रांत ऐकूं आलेली ती आद्य प्रकाशाची खरखर इतकी ताणली गेली असेल कीं, ती कोणत्याहि यंत्रांत सांपडणार नाहीं. ते आपल्याइतके, किंबहुना अधिक बुद्धिमान असतील. त्यांचें गणित निर्दोष असेल. दुर्बिणी मोठ्या असतील. तरी विश्वाला आरंभ होता, हें शोधून काढण्यास त्यांच्याजवळ पुरावा नसेल. आपली दीर्घिका म्हणजेच सारें विश्व, असें ते म्हणतील. आणि शंभर वर्षांपूर्वींच्या आपल्या पणजोबांप्रमाणें तेहि चुकतील.

पाहिलेंस? अखेर होणार म्हणून शिकणें व्यर्थ, असें तूं म्हणालास. परंतु विश्वाचा आरंभ व विस्तार यांची साक्ष आकाशांत सदैव राहणार नाहीं. ती आज आहे. लेव्हिट बाईंनीं ती कांचेवर मोजली, ह्यूमसन यांनीं खेचरें सोडून ती टिपली. ती वाचतां येते अशा काळांत तुझा जन्म झाला आहे, आणि ती वाचावयास लागणारें गणित व पदार्थविज्ञान तुझ्याच वर्गांत शिकवितात. वस्तु टिकत नाहीं म्हणून तिची किंमत शून्य होत नाहीं. आईनें रांधलेलें जेवण रात्रींपर्यंत उरत नाहीं. म्हणून कोणी उपाशी राहतो काय?

पालकांसहि एक विनंती आहे. मूल असा प्रश्न विचारील, तेव्हां उत्तर ठाऊक नसल्यास तसें सांगावें. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र माझ्यासारखें हंसूं नये.

दिवाळीची सुटी संपल्यावर पहिल्या निरभ्र अंधाऱ्या रात्रीं मी शाळेच्या मैदानावर नऊ वाजतां उभा राहणार आहें. मैदानावरील दिवे मालविण्याची व्यवस्था केलेली आहे. ज्यांस देवयानीचा पुंजका पाहावयाचा असेल, त्यांनीं आईवडिलांसह यावें. तो विद्यार्थी येईलच. पुंजका दाखविण्याचें काम मीं त्यालाच सांगितलें आहे.